अडतीस रुपयांची वाढ

पारनेरच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हाची गोष्ट. घरात आई आणि मी, दोघीच. भाऊ तीन वर्षांपूर्वी निघून गेला होता. त्याने नगरच्या एका बँकेचं कर्ज काढून जुना ट्रक घेतला होता आणि जामीन म्हणून सही माझी होती. ट्रक घाटात उलटला. माणसं वाचली, ट्रक भंगारात गेला. एके सकाळी भाऊ एस.टी.त बसला तो परत आलाच नाही. राहिलेल्या कर्जासाठी बँकेने माझ्यावर दावा लावला.

कोर्टात तडजोड झाली. सव्वीसशे रुपये मी फेडायचे, दरमहा पन्नास, पुढचं व्याज माफ. हुकूमनाम्यात आणखी एक अट होती. माझा पगार वाढला तर महिन्याच्या आत बँकेला कळवायचं आणि वाढीतला निम्मा हिस्सा हप्त्यात मिळवायचा. कळवलं नाही तर सवलत रद्द, सगळी रक्कम एकदम आणि पगारावर जप्ती. वकिलांनी ही अट मला दोनदा वाचून दाखवली होती. मी मान हलवली होती. पगार वाढेल असं तेव्हा वाटतच नव्हतं.

दुष्काळाच्या वर्षी नवी वेतनश्रेणी लागू झाली. हेडक्लार्क हसत म्हणाले, बाई, आता पेढे द्यावे लागतील. महिना अडतीस रुपये वाढले होते, शिवाय सहा महिन्यांचा मागचा फरक, दोनशे अठ्ठावीस, एकदम हातात आला. मी पेढे दिले. नोटा घरी आणून ट्रंकेत, पातळांच्या खाली ठेवल्या आणि बँकेला काही कळवलं नाही.

का नाही कळवलं, याची मी स्वतःला बरीच कारणं सांगितली. ज्वारी महाग झाली होती. विहिरी आटल्या होत्या, पाण्याचा टँकर येईल तेव्हा रांगेत आईला उभं राहावं लागायचं. खरं कारण वेगळं होतं. ते कर्ज माझं नव्हतं. आडगावी बैलगाडीत बसून जाऊन बाळंतपणं मी केली होती, त्याची वाढ मिळाली होती, आणि तिचा निम्मा वाटा पुन्हा त्या मोडक्या ट्रकला जाणार होता.

पण ते पैसे मला खर्चही करता येईनात. एकदा बाजरीसाठी दहाची नोट काढली, दुकानापर्यंत गेले आणि जुन्याच पैशातून बाजरी घेऊन परत आले. ती नोट पुन्हा जागेवर ठेवली. पोस्टमन दवाखान्याच्या फाटकात दिसला की हातातलं काम थांबायचं. नगरकडून कोणी साहेब तपासणीला आला की वाटायचं, हा बँकेचाच. आई विचारायची, तुला झालंय काय? मी म्हणायचे, काही नाही, काम वाढलंय. महिना उलटला, तसं मुदत गेल्याचं भय वाढलं. आता सांगितलं तर उशिरा का, हा प्रश्न, आणि न सांगावं तर जप्तीचा कागद थेट ऑफिसात येणार, सगळ्यांसमोर. दुसऱ्या पगारातली वाढही मी तशीच ट्रंकेत टाकली.

त्याच आठवड्यात एक मुलगी इंजेक्शनसाठी आली. सात-आठ वर्षांची, पायाला जखम. मी सिरिंज उकळली, बाटलीत सुई घातली, औषध ओढलं. मुलीने डोळे मिटून घेतले होते. कंपाउंडर शेजारीच गोळ्या मोजत होते. ते हळूच म्हणाले, "बाई, चिठ्ठी वाचली का?"

चिठ्ठीवर डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलं होतं की हिला पेनिसिलीन चालत नाही. माझ्या हातात पेनिसिलीनच होतं.

मी सिरिंज खाली ठेवली. कंपाउंडरनी दुसरं औषध पुढे केलं, कोणालाही काही बोलले नाहीत. मुलीच्या आईने जाताना मला हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडे मला बघवेना. मी लगेच दुसऱ्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला.

सकाळच्या गाडीने सुप्यावरून नगरला गेले. बँकेत वसुलीचं काम एका वयस्कर साहेबांकडे होतं. मी सगळं सांगितलं, आणि फरकाचा व दोन महिन्यांच्या वाढीचा निम्मा वाटा, एकशे बावन्न रुपये, त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी माझी फाईल मागवली. मुदत टळली आहे, हे त्यांनी बोलून दाखवलं. मग म्हणाले, तुम्ही आपण होऊन आलात, तसं लिहून द्या, मी वर सांगतो. पुढचा हप्ता एकोणसत्तर. त्यांनी पावती केली आणि बाकी सांगितली, एक हजार आठ.

मी म्हटलं, तुमचं चुकतंय. माझ्या हिशोबाने बाराशे अठ्ठेचाळीस राहतात. मला माझी एकेक पावती पाठ होती.

साहेबांनी खातेवही माझ्याकडे फिरवली. माझ्या पन्नासांच्या मध्ये मध्ये वेगळ्या रकमा होत्या, कधी वीस, कधी तीस. सुरतेहून आलेल्या मनीऑर्डरी. पाठवणाऱ्याच्या जागी भावाचं नाव होतं.

"मला का नाही कळवलंत?" मी विचारलं.

"त्यांनी लिहिलं होतं," साहेब म्हणाले, "फिटल्याशिवाय बहिणीला सांगू नका."

मला आनंद व्हायला हवा होता. संताप आला. तीन वर्षं आई त्याच्या वाटेकडे डोळे लावून होती आणि याला बँकेचा पत्ता सापडला, घरचा नाही. मी पत्ता मागितला. साहेबांनी जरा आढेवेढे घेतले, मग एका चिठोऱ्यावर लिहून दिला. परतीच्या गाडीत ते चिठोरं मी कितीदा उघडलं आणि मिटलं. आईला सांगावं तर ती उद्याच सुरतेला निघेल असं वाटत होतं. न सांगावं, तर आणखी एक गोष्ट लपवण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

घरी गेल्या गेल्या सांगितलं. आई चुलीपुढे होती. तिने भाकरी उलटली आणि विचारलं, "किती धाडतो?"

"वीस. कधी तीस."

"म्हंजी पोटाला खाऊन वीस उरत्यात त्याला," ती म्हणाली. "मंग बरं हाय त्याचं." आणि त्या दिवशी ती माझ्याआधी जेवायला बसली, एरवी कधी बसत नसे.

मी भावाला पत्र टाकलं. रागाचं लिहायला बसले होते, पण लिहिलं एवढंच की पगार वाढलाय, हप्ता एकोणसत्तर झालाय, आई बरी आहे. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. एका कापड गिरणीत लागलोय, आता दरमहा तीस पाठवीन, चुकणार नाही. बाकी काही नव्हतं. मी कार्ड वाचून दाखवलं, आईने ते पुन्हा वाचायला लावलं.

वर्ष पुरं व्हायच्या आत कर्ज फिटलं. कोर्टात तशी नोंद करून घेतली. भाऊ दिवाळीला आला, अंगणातच उभा राहिला. आईने त्याला आत ओढलं. मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही, तिसऱ्या दिवशी त्याला भाजी आणायला पिशवी दिली.