फोरमनची रत्नागिरी

उजवा पंजा हवेत उलटा करायचा, खालचा ओठ पुढे काढायचा आणि म्हणायचं, "ह्यात काय हाय?" शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीच्या फोरमनची ही पद्धत होती. बघण्यासारखं जे काही आहे ते कोल्हापुरात आहे, उरलेलं जग लोकांनी उगाच वसवलंय, असं त्यांचं ठाम मत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आमच्याकडे गल्लीला एक सापडतो.

नव्वदच्या दशकात कारखान्याची सहल रत्नागिरीला निघाली, तेव्हा ते येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांच्या थोरल्या मुलीने तिथल्या मुलाशी परजातीत लग्न केलं होतं आणि तेव्हापासून ते कोकणाचं नाव घेत नव्हते. पण आले. "न्हाय गेलो तर लोक म्हणतील घाबरला," एवढंच म्हणाले.

मत्स्यालयात देवमाशाचा अवाढव्य सांगाडा होता. आम्ही आ वासून बघत राहिलो. फोरमननी त्याला एक प्रदक्षिणा घातली. "नुसती हाडं हायत की. रस्सा कशाचा करणार?" कासव बघून म्हणाले, रंकाळ्यात ह्याच्यापेक्षा मोठी आहेत. किल्ल्यावर तिन्ही बाजूंनी समुद्र दिसत होता. "पन्हाळ्याला असल्या पाण्याची गरजच पडली न्हाय." आम्ही हसलो. मनातून आम्हालाही ते पटत होतं.

दुपारी ब्रह्मदेशाच्या राजाचा वाडा पाहायला गेलो. इंग्रजांनी राजाला इथे आणून कैदेत ठेवलं, इथेच तो वारला, असं रखवालदार सांगत होता. "थोरल्या राजकन्येने इथल्याच एका नोकरमाणसाशी संसार मांडला."

फोरमन पुढे निघाले होते, ते थांबले. "मग राजानं काय केलं?"

"रागावला म्हणतात. पण करणार काय? कैदी तो."

"पोरबाळ झालं का तिला?"

"मुलगी झाली एक."

"राजानं बघितली का नात?"

"ते काय मला ठाऊक नाही."

फोरमननी कमानीतून एकदा खाली समुद्राकडे पाहिलं. मग माझ्याजवळ आले. "आमच्या मंडळींनी तुम्हाला पोरीचा पत्ता सांगितला असंल न्हवं?"

सांगितला होता. निघण्याआधी वहिनींनी माझ्याकडून तो पाठ करून घेतला होता.

दार मुलीनेच उघडलं. बापाला बघून ती चौकट धरून उभी राहिली. तिच्या मागून एक चिमुरडी डोकावत होती. "आण्णा, या की आत," शेवटी ती म्हणाली.

फोरमननी मान वर करून छप्पर न्याहाळलं. "कौलं गळत्यात का?"

"न्हाय, आण्णा."

"मग बरं हाय."

कोल्हापूरबाहेरच्या कशालाही त्यांनी बरं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मुलीलाही ते समजलं असावं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि चहा ठेवायला वळली.

संध्याकाळी गाडी निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी सांगितलं, "तुम्ही व्हा फुडं. मी एस्टीनं येतो." आले ते चांगला आठवडा काढून. रजेचा अर्ज नव्हता, मालकांनी विचारलंही नाही.

फोरमन जाऊन आता काही वर्षं झाली. मला आठवतात ते त्या संध्याकाळचे. आमची गाडी भाट्याच्या किनाऱ्यावरून निघाली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. वितळलेल्या लोखंडाशेजारी बेदरकार उभा राहणारा तो माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होता. लाट आली की मागे सरत होता आणि नात त्याचं बोट ओढून त्याला पुन्हा पुढे नेत होती.