नितीनच्या मशीनचा पंखा

नितीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच उत्तराची वाट बघत होतो. तो रत्नागिरीला घरून काम करायचा, आणि इकडे पुण्याच्या ऑफिसात आमचं बिल्ड अडलं होतं. बिल्ड म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे भाग जोडून चालतं काहीतरी तयार करणं. ते करणारी स्क्रिप्ट 'फाइल सापडत नाही' म्हणून हटून बसली होती. 'चिपळूणहून निघालोय, घरी पोचलो की बघतो,' एवढाच त्याचा मेसेज. वाटेत हातखंब्याच्या अलीकडे ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली...

पाथच्या, म्हणजे फाइलच्या पत्त्याच्या चुका शोधण्यात त्याचा हात धरणारं आमच्यात कोणी नव्हतं. नव्या मुलांवर खेकसायचा, "अरे, पत्ता तुझ्या घरापासून काय सांगतोस? स्क्रिप्ट उभी आहे तिथून सांग." आणि शेवटी सापडलं काय, तर याच बहाद्दराने रत्नागिरीतल्या स्वतःच्या मशीनचा, म्हणजे कॉम्प्युटरचा, अख्खा पत्ता स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेला, आणि ते मशीन बंद. शेजारी शेरा, 'तात्पुरतं'. मला हसू आलं, मग भयंकर राग आला. राग काढायला तो नव्हता.

बाराव्याला गेलो तेव्हा काकूंना, त्याच्या आईला, विचारून त्याच्या खोलीतलं मशीन सुरू केलं. त्यानंतर बिल्ड पुण्यातून सुरू व्हायचं आणि चालायचं तिथे. काम लागलं की मशीनचा पंखा घरघरायचा. एकदा काकू फोनवर म्हणाल्या, "आवाज आला की मी चहा घेऊन तिथेच बसते रे. तो गेला ते कळतं मला. पण खोली तेवढी रिकामी नाय वाटत."

स्क्रिप्टमधली ती पत्त्याची ओळ बदलणं अर्ध्या तासाचं काम. मी टाळत राहिलो. पण तिकडे वीज गेली की इकडे सगळे हातावर हात धरून बसायचे. शेवटी गेल्या आठवड्यात पाथ दुरुस्त केला. बिल्ड पुण्यातच, पहिल्या झटक्यात झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या ऐकवेनात.

संध्याकाळी काकूंचा फोन आलाच. "आज काम नाय काय रे?"

"काकू... आता सगळं इथेच होतं. त्या मशीनची गरज नाही उरली."

त्या म्हणाल्या, "बरं. झाकून ठेवते हो. धूळ बसते."

परवा रत्नागिरीला जाऊन आलो. मशीनवर त्याचा पंचा घातलेला होता. काकू चहा घेऊन त्याच्याशेजारीच बसल्या होत्या.