पावाच्या कडा

तिला सगळे तोफ म्हणत. पाठीमागे म्हणत, कारण समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकतीस वर्षं तिने एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चारशे माणसांचा स्वयंपाक केला आणि एवढ्या वर्षांत तिचा आवाज खाली आल्याचं कुणाला आठवत नाही. निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरने भाषणात तिच्या स्पष्टवक्तेपणाचं कौतुक केलं, तर तिने तिथल्या तिथे त्याला सुनावलं की हा स्पष्टवक्तेपणा नाही, राग आहे, आणि तुम्ही आणत होता त्या सडक्या बटाट्यांवर आहे.

घरी नवरा होता. कोर्टात टायपिस्ट म्हणून जन्म काढलेला, कमी बोलणारा माणूस. सहा वर्षांपूर्वी तो न्हाणीघरात घसरून मांडीचं हाड मोडून बसला. दोन महिने प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा तो पाण्याचा पेला तोंडाला लावीना, कारण प्यायलं की हिला उठवावं लागे. ते लक्षात आल्यावर तिने त्याला असा काही झापला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मग उशापाशी उभं राहून तिने त्याला पेला रिकामा करायला लावला. ही गोष्ट ती पुढे हसत हसत सांगत असे.

घरात बसून हात शिवशिवायला लागले म्हणून तिने डब्यांचं काम धरलं. वाचनालयामागच्या खोलीत एक मंडळ स्वयंपाक करी आणि घराबाहेर पडता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारी डबे पोचवी. एकूण बेचाळीस डबे. त्यातले नऊ तिच्या वाट्याचे. ज्यांना चावता येत नाही त्यांच्या डब्याला हिरवा दोरा बांधायचा, आत सगळं मऊ. आज भरलेला डबा द्यायचा, कालचा रिकामा घेऊन यायचा.

रिकाम्या डब्यावरून माणूस ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कॅन्टीनमध्येही ती वाढायच्या खिडकीशी थांबत नसे, उष्टी ताटं यायची तिथे उभी राही. कुणाला गाजर आवडत नाही, कुणाचा दात दुखतो, कोण घरी भांडून आलाय, हे तिला ताट सांगे. तिच्या फेरीतल्या क्रेनवाल्या म्हाताऱ्याचा डबा मिठाने माखलेला यायचा. डॉक्टरने मीठ बंद केलेलं, आणि हा पठ्ठ्या वरून घेत होता. तिने जिन्यातच त्याची हजेरी घेतली.

तिसऱ्या मजल्यावर टेलिफोन ऑपरेटर राहायची. टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन पंचवीस वर्षं झालेली, चौऱ्याऐंशीची, काटक बाई. तोंडात एकही दात नाही आणि कवळी टोचते म्हणून ती कपाटात. तिच्या हिरव्या दोऱ्याच्या डब्यात पावाच्या कडा नेहमी परत यायच्या. मधला मऊ भाग खाऊन कडा डब्याच्या काठाला ओळीने मांडून ठेवलेल्या. तोफ त्या परतताना वाटेत चिमण्यांना टाकी.

मग ती पलंगावरून पडली. कंबर धरली, चालणं संपलं, आणि बाहेर कुठेतरी कामाला असलेला मुलगा काम सोडून घरी येऊन राहिला. चाळिशी उलटलेला, धिप्पाड, दार जेमतेम वीतभर उघडणारा. "आई झोपलीय," म्हणायचा आणि डबा आत घ्यायचा. त्या दिवसापासून डबा कसा यायचा? चाटूनपुसून स्वच्छ. भाताचं शीत नाही, पावाची कड नाही.

आता इथे तोफेने शेण खाल्लं. तिला कौतुक वाटलं, स्वतःचं. अलीकडे ती बटाट्यात जास्तीचं लोणी घालायला लागली होती, तिला वाटलं ही लोण्याची करामत. कडांचं काय? सूपमध्ये बुडवून खात असेल. तीन महिने ती तो डबा मंडळात सगळ्यांना दाखवत फिरली. "बघा, याला म्हणतात जेवण!"

मंडळाचा सेक्रेटरी विमा कंपनीतून निवृत्त झालेला गृहस्थ होता. आवाज मऊ आणि नियम कडक. डबा दारातच द्यावा, घरात जाऊ नये. म्हाताऱ्या माणसांना हात लावू नये. तीनदा अन्न उरून आलं तर नाव खोडून यादीतल्या पुढच्याला डबा द्यावा. कुणाचा डबा कसा परत आला, ते तो रोज वहीत टिपून ठेवी. हे सगळं छापून त्याने घरोघरी वाटलं होतं. एका मंगळवारी त्याने भिंतीवर नवीन कागद चिकटवला: एका घरी तीनच मिनिटं.

"तीन मिनिटांत यांची कडी निघत नाही, साहेब!" ती कडाडली. "तुमच्याकडे यम आला तरी त्यालाही घड्याळ दाखवाल!"

या तणतणीत तिने दोरे बांधले आणि चुकीच्या डब्याला बांधले. संध्याकाळी क्रेनवाल्याचा फोन आला. "मला काय बाळ समजलीस? सगळं कुस्करलेलं!"  म्हणजे त्याचा डबा ऑपरेटरबाईंकडे गेला. कोंबडीची तंगडी, कडक टोस्ट आणि सफरचंदाच्या फोडी, बिनदाताच्या बाईला! तिने ताबडतोब तिसऱ्या मजल्यावर फोन लावला.

"जेवली आई," मुलगा म्हणाला. "सगळं संपवलं. आवडलं तिला."

तिचा जीव भांड्यात पडला. रिसीव्हर ठेवल्यावर मात्र कपाळाला आठी पडली. काय आवडलं?

दुसऱ्या दिवशी त्याने कालचा डबा पुढे केला, तो तिने तिथेच जिन्यात उघडला. टोस्ट नाही, सफरचंद नाही. आणि तंगडीचं हाड मधोमध फोडून आतला मगज चोखून घेतलेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कुणी फोडलं?"

"आईनं..."

"हिरड्यांनी?"

तो दार लावू लागला. तिने खांद्याने दार लोटलं आणि सरळ आत गेली. खिडकीपाशी पलंग होता आणि पलंगावर ऑपरेटरबाई, तीन महिन्यांत अर्ध्या झालेल्या. मनगट दोन बोटांत मावेल एवढं. शेजारच्या स्टुलावर पाण्याचा भरलेला पेला, पेल्यावर बशी आणि त्या बशीवर धूळ. एका वाटीत चहात भिजवलेलं अर्धं बिस्किट.

"लाज नाही वाटत?" ती मुलावर वळली. "आईच्या तोंडचं जेवतोस? हाडंसुद्धा सोडत नाहीस? तीन महिने नऊ घरांचे जिने चढतेय मी, ते तुला पोसायला?"

"त्याला बोलू नका," पलंगावरून आवाज आला. बारीक, पण शब्द न् शब्द सुटा, फोनवर बोलायचा असा. "डबा रिकामा करून द्यायला मीच सांगितलं. तुमच्या कागदावर लिहिलंय, उरलं तर बंद."

"बंद होऊ दे की मग! खायचंच नाही तर हवा कशाला डबा?"

"डबा बंद झाला तर तुम्ही यायच्या बंद व्हाल. दुपारी तुम्ही कुणाच्या तरी नावानं बोटं मोडत जिना चढता. पहिल्या मजल्यापासून ऐकू येतं मला. दिवसभरात तेवढाच आवाज या घरात."

 तोफ स्टुलावरचा पेला बाजूला करून बसली.

"मावशी, पण खात का नाही?"

म्हातारीने मुलाला बाहेर जायला सांगितलं. दार लागल्यावर ती म्हणाली, "खाल्लं की जावं लागतं. तो उचलून नेतो. मग तोंड फिरवून उभा राहतो. एकदा वाटेतच झालं. तो काही बोलला नाही हो, पण दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हता." तिने पांघरूण सारखं केलं. "टेलिफोनच्या बोर्डावर आम्हाला आठ तासांत एकदाच उठायला मिळायचं. जुनी सवय आहे मला. पोटात काही घातलंच नाही की प्रश्न मिटला."

तोफेच्या डोळ्यांसमोर नवऱ्याचा न प्यायलेला पेला आला. तो प्रसंग ती सगळ्यांना हसत सांगत होती, म्हणजे तिला हे ठाऊक होतं, सगळं ठाऊक होतं! आणि तरी तीन महिने ती या दारात उभी राहून लोण्याचा टेंभा मिरवत होती. बटाटे मऊ झाले का, सूप गार तर नाही ना, सगळं विचारलं, पण खाल्लेलं पुढे जातं कुठे, हे एकदा विचारलं नाही. तिला स्वतःचा इतका राग आला की मुलावरचा राग त्यापुढे काहीच नव्हता. रडू येत होतं, ते तिने दात-ओठ खाऊन मागे लोटलं.

"चला," ती उठत म्हणाली.

"कुठे?"

"कुठे काय! जाऊन येऊ. मग जेवायचं. मी इथून हलत नाही."

"तुम्हाला हात लावायची परवानगी नाही ना?"

"परवानगी गेली खड्ड्यात."

नवऱ्याच्या वेळची युक्ती हातांना आठवत होती. काखेखालून हात घालायचा, आपला गुडघा तिच्या गुडघ्याला टेकवायचा, तीन म्हणायचं आणि उठवायचं. कॅन्टीनमधल्या बटाट्याच्या पोत्याच्या अर्धंही वजन नव्हतं. अकरा पावलांना दहा मिनिटं लागली. आत असताना ती मोठमोठ्याने सेक्रेटरीला शिव्या देत होती, म्हणजे म्हातारीला दुसरं काही ऐकू येऊ नये. परत पलंगावर टेकल्यावर ऑपरेटरबाई हसल्या आणि म्हणाल्या, "यमाचं पुन्हा सांगा." काल जिन्यात चढताना तिने सगळं भांडण स्वतःशी घोळवलं होतं, ते वर पोचलं होतं.

मग ऑपरेटरबाई जेवल्या. सात चमचे बटाटा, थोडं सूप, पावाचा मधला भाग. आणि अर्धा पेला पाणी.

मुलगा जिन्यात पायरीवर बसला होता. "ती भूक नाही म्हणायची," तो खाली मान घालून म्हणाला.

"आणि तुला ते खरं वाटलं! सोयीचं होतं म्हणून खरं वाटलं. कामधंदा सोडून आलास, ते बरं केलंस. पण आलास कशाला, दाराशी डबा घ्यायला? तुझी आई आहे ती. तोंड फिरवून उभा राहतोस? तिला वाटतं तुला किळस येते."

"किळस नाही हो." त्याने मान वर केली. "तिला आवडत नाही मी बघितलेलं. म्हणून फिरवतो."

"मग ते तिला सांगितलंस का कधी?"

त्याने मान हलवली. नाही.

"उठ, आत जा आणि सांग. मी ऐकायला थांबत नाही."

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो स्टूल घेऊन माळ्यावर चढला आणि त्याच्या प्लॅस्टरच्या दिवसांतली, खाली भांडं असलेली चाकांची खुर्ची काढून आणली. एक चाक अडकत होतं, ते त्याने तेल घालून सोडवलं. ती खुर्ची पलंगाला लावली की ऑपरेटरबाई हाताच्या जोरावर स्वतःच सरकू शकत, कुणी उचलायला नको आणि बघायलाही नको. "भांडं मात्र तू धुवायचंस," तोफेने मुलाला बजावलं. त्याने मुकाट्याने मान डोलावली, आणि धूत राहिला.

सेक्रेटरीला तिने स्वतःच सांगितलं. लपवाछपवी तिला जमत नव्हती. त्याने मऊ आवाजात विचारलं, त्या बाई हातातून पडल्या असत्या तर जबाबदार कोण? तुम्ही फेरीवर जाऊ नका, इथे भाज्या चिरा आणि परत आलेले डबे घासा. तिने भाज्या चिरल्या. अशा चिरल्या की शेजारची माणसं पाटापासून हातभर लांब बसू लागली. एक वाजला की ॲप्रन काढायचा आणि रिकाम्या हाताने तिसऱ्या मजल्यावर जायचं. पाहुणी म्हणून गेलं तर कुठला नियम मोडत नव्हता. जिना चढताना ती मुद्दाम मोठ्याने बडबडे.

पंधरा दिवसांनी सेक्रेटरी एक डबा घेऊन मोरीपाशी आला.

"बघा, तुम्ही फेरी सोडल्यापासून तिसऱ्या मजल्यावरचं अन्न उरतंय. आज तिसऱ्यांदा. आधी किती स्वच्छ यायचा! आता नाइलाज आहे, नाव खोडावं लागेल."

तिने झाकण उघडलं. तळाशी थोडा भात, आणि काठाला चार पावाच्या कडा, ओळीने मांडलेल्या. तिने हातातली घासणी खाली ठेवली.

"हा डबा स्वच्छ यायचा ना, तेव्हा ती बाई उपाशी मरत होती," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज हळू होता, आणि खोलीतल्या सगळ्यांचे हात थांबले. "मी तो मिरवला, तुम्ही वहीत शाबासकी लिहिलीत. आता ती जेवते म्हणून कडा उरतात. दात नाहीत तिला. खोडा नाव. आणि उद्यापासून बेचाळीस घरांच्या भाज्या तुम्ही चिरा."

सेक्रेटरीने वही उघडली होती. त्याने डब्यातल्या कडा बोटाने मोजल्या. मग त्याने वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि विचारलं, "कडा कापूनच पाठवल्या तर?"

"काही कापायच्या नाहीत!" तोफ धडाडली. "मग मला कळणार कसं?"

तिने बाकीचे एकेचाळीस डबे आधी घासले. तो एक शेवटी घासला.