खळ दिलेला स्वेटर

लग्नानंतरच्या दहा वर्षांत मी स्वेटर पुष्कळ विणायला घेतले. पुरा मात्र एकच झाला, आणि तो झाला नसता तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

आमचे हे तेव्हा वेल्ह्याच्या वाटेवर विंझरला शाळामास्तर होते. मी माहेरची भोरची. भोरच्या मुलींच्या शाळेत एका बाईंनी मला सुयांवर टाके घालायला शिकवलं, आणि टाके बंद करायला शिकवायच्या आधी त्यांचं लग्न झालं. (माझ्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा दोष द्यायचाच तर त्यांना द्यावा. मी देतेच.)

विणणाऱ्या बाईला एक खोड असते. हातातली लोकर निम्मी संपली की ती शिळी वाटू लागते. तशात माझा भाऊ भोरहून कुणाच्या तरी बैलगाडीतून नवी लोकर पाठवायचा. ती आली की निळा स्वेटर गळ्याशी थांबे, तांबडा बगलेशी थांबे आणि हिरवी टोपी कानाशी. प्रत्येक अपुऱ्या कामात सुयांची एकेक जोडी अडकलेली, मग नव्या लोकरीला सुया आणायच्या कुठून? मी ह्यांच्या छत्रीच्या काड्या काढून घेतल्या. चांगल्या लांब, गुळगुळीत काड्या होत्या. मृगात ह्यांनी अंगणात छत्री उघडली, तर कापड ओल्या फडक्यासारखं डोक्यावर येऊन बसलं.

"काड्या कुठं गेल्या?"

"सुशीच्या स्वेटरात आहेत."

"मग स्वेटर कुठाय?"

"काड्यांवर आहे."

हे तसेच भिजत शाळेत गेले.

सुशी आमची एकुलती एक मुलगी. त्या साली ती चौथीत होती आणि विंझरची शाळा चौथीलाच संपत होती. पुढं शिकायचं तर भोर. म्हणजे ह्यांची बदली भोरला व्हायला हवी, नाहीतर नऊ वर्षांच्या पोरीला आमच्यापासून लांब ठेवायला हवं. बदली अवलंबून होती शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या शेऱ्यावर. साहेब पौषात येणार असा निरोप आला, आणि ह्यांच्या एकुलत्या एका कोटातून दोन्ही कोपरं बाहेर डोकावत होती.

"कोटावरनं स्वेटर घातला तर झाकेल," हे म्हणाले.

पण तेव्हा महायुद्धाची लढाई चालू होती. दुकानांतून लोकर दिसेनाशी झाली होती.

"तुझी ती सातही कामं उसव. सगळी लोकर मिळून माझा एक होईल."

"सात रंगांचा?"

"मला साहेबांना रंग दाखवायचे नाहीत, कोपरं झाकायची आहेत."

सुरू केलेलं काम उसवायला माझा जीव होईना. (पुरं करायलाही होत नव्हता, पण ती गोष्ट वेगळी.) तेवढ्यात देवच पावला. वरच्या धनगरवाड्यातली हिराबाई आपल्या मेंढरांच्या लोकरीचं सूत पाटीत घेऊन मार्गासनीच्या घोंगडी विणणाऱ्याकडे चालली होती. मी तिला दारातच अडवलं आणि निम्मं सूत मागितलं.

"मास्तरीणबाई, ह्ये ताण्याचं सूत हाय," हिराबाई म्हणाली. "मागावर तुटू नये म्हणून चिंचोक्याची खळ दिल्याली हाय त्याला. आदी दोन पान्यांतनं धुवा, चांगलं वाळवा, मग काय करायचं ते करा."

"वाळायला किती दिवस लागतील?"

"थंडीचं दिस हायती. चार तरी लागत्याल."

चार दिवस! नवी लोकर दोरीवर टांगायची आणि बाईनं समोर बसून नुसती बघायची? "धुते, धुते," म्हटलं, आणि हिराबाई वळणाआड जायच्या आत माझे वीस टाके घालून झाले होते.

स्वेटर बारा दिवसांत झाला. शेवटचे टाके बंद कसे करायचे हे मला येईना. ते सुशीनं बसून शोधून काढलं. हिला चौथीपुढं शिकवायलाच हवं, हे मला त्या क्षणी पक्कं पटलं. मग आम्ही स्वेटर पाटावर ठेवला. तो आडवा झाला नाही. आत कुणी नसताना तो पाटावर ताठ उभा राहिला, दोन्ही बाह्या दोन दिशांना करून.

"हा घालायचा की ह्याच्याकडं पाहुणा म्हणून बघायचं?" ह्यांनी विचारलं.

"अंगाच्या उबेनं नरम पडेल," मी ठोकून दिलं. पडला तो नरम, पण त्याची कथा पुढं आहे.

दिपोटीसाहेब आले ते भर दुपारी. आमचं घर शाळेला लागूनच होतं, त्यामुळे मला मागच्या दारातून सगळं दिसत होतं. ह्यांनी नमस्कार करायला हात जोडले, म्हणजे जोडायला घेतले. हात छातीसमोर वीतभर अंतरावर आले आणि थांबले. पुढं येईनात. बहुधा साहेबांना वाटलं, मास्तर मोठा करारी आहे, सहजी हात जोडत नाही. थंडीत वर्ग अंगणातच भरे. मग हे उन्हात उभे राहून गणित शिकवू लागले आणि त्यांना घाम फुटला. खळ भिजली. साहेबांनी हजेरीचा पट मागितला, तर पट ह्यांच्या बाहीला चिकटून वर आला आणि सुटेचना. तो सोडवायला साहेबांनी बाही धरली. आता साहेबही चिकटले. दोघे मिळून ओढू लागले. एक पोर फिदकलं आणि सगळी शाळा हसत सुटली. तेवढ्यात कुंपणाशी बांधलेल्या शेळीला चिंचोक्याचा वास आला. तिनं दावं तोडलं आणि येऊन शांतपणे ह्यांची पाठ चाटू लागली.

मी डोळे मिटून घेतले. माझ्या हातानं मी पोरीचं शिक्षण बुडवलं, ह्या विचारानं मला खरंच रडू फुटलं.

साहेब मात्र बोटांना लागलेली लोकर निरखत होते. "मास्तर, हे कुठलं?"

"इथलंच, साहेब. इथली मेंढरं, इथलं सूत. आमच्या मंडळींनी विणलंय."

त्याच आठवड्यात वरून हुकूम सुटला होता म्हणे, की शाळांतून हस्तव्यवसाय शिकवावा. साहेबांना एक तरी शाळा कागदावर दाखवायची होती. त्यांनी तिथंच शेरा लिहिला: मास्तर अत्यंत उपयुक्त, त्यांना येथून मुळीच हलवू नये, मास्तरीणबाईंनी मुलांना विणकाम शिकवावे. मास्तर नालायक असते तर बदली मिळाली असती!

जूनमध्ये सुशी माझ्या भावाकडे भोरला गेली. घर खायला उठलं. मी रोज रडायची, आणि रडताना हात रिकामे राहतात म्हणून नवीन काहीतरी सुरू करायची. शाळेत एकतीस पोरं माझ्यासमोर कळकाच्या काड्या घेऊन बसत. हिराबाई सूत देई, आणि ह्या वेळी ती ते स्वतः धुऊन देई. माझ्यावर तिचा भरवसा उरला नव्हता. मी पोरांना मला येतं ते सगळं शिकवलं.

दिवाळीनंतर एका पोराचा बाप दारात आला. "मास्तरीणबाई, तुमी पोरास्नी काय शिकीवता?"

"विणकाम. का?"

"न्हाई, आमचं पोरगं गुरांमागं जातं आन् आर्ध्या वाटंतनं माघारी येतं. म्हनतं, ऱ्हायलेलं उद्या. काल तर त्यानं आर्धीच म्हस धुतली."

पौषात साहेब पुन्हा आले. "मुलांनी केलेली एखादी वस्तू दाखवा," म्हणाले. आम्ही एकतीस दाखवल्या. साहेबांनी एकेक उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. "पुरी झालेली दाखवा," म्हणाले. पोरांनी माझ्याकडं पाहिलं, मी शेळीकडं पाहिलं. नवा शेरा आला: मास्तर उत्तम आहेत, तथापि गावाच्या हितासाठी त्यांची सहकुटुंब बदली भोरास तातडीने करावी.

भोरला पोचलो तेव्हा सुशी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. तेवढ्या महिन्यांत वीतभर उंच झाली होती. तिनं पाठीमागून एक मफलर काढला. "आई, तुझ्यासाठी. सगळा मीच विणलाय. पुरा केलाय."

मला हुंदका आवरेना. मी तो गळ्याभोवती गुंडाळला, कुरवाळला, आणि तेवढ्यात शेवटच्या ओळीत एक सुटलेला टाका दिसला. तेवढाच नीट करून घेते, म्हणून मी मफलर उसवायला घेतला.

त्याला आता तीस वर्षं होतील. होतच आलाय.