विल्डाच्या शर्टाला कात्री

त्या रविवारी होबर्ट टीटरला एका जागी बसवेना. चर्चमधून आला तो कोटसुद्धा न काढता सरळ मागच्या शेडमध्ये घुसला. शिकंज्यातली रायफल खोलली, पुसली, जोडली, आणि चैन पडेना म्हणून पुन्हा खोलली. दुसऱ्या दिवशी हरणांचा मोसम उघडणार होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरात हा सोमवार म्हणजे सण. शाळेला सुट्टी, गॅरेजला कुलूप, आणि पाद्रीबुवासुद्धा शिकाऱ्यांची नारिंगी टोपी घालून जंगलात. अशा ऐन सणाच्या तोंडावर होबर्टची घरी जोडलेली रायफल रुसून बसली होती.

रायफल त्याच्यासाठी नव्हतीच. ती बायकोसाठी, विल्डासाठी. त्यांच्या अख्ख्या शिकारी कॅम्पमध्ये विल्डासारखा नेम कुणाचा नव्हता, हे तिच्या तोंडावर कबूल करायला पुरुषांना जड जायचं एवढंच. मग तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. तिच्या जुन्या रायफलीत पुढचं काडतूस भरायला प्रत्येक बारानंतर खटका हाताने मागे ओढावा लागे. तेच तिला जमेना.

आणि मागच्या मोसमात तिचा नेम चुकला. आता कॅम्पचा कायदा असा, की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट संध्याकाळी सगळ्यांदेखत कापायचं आणि भिंतीला ठोकायचं. कुणाची गय नाही. विल्डाचा धाकटा भाऊ डेंझिल, त्याच्या तुकड्यांची तर गोधडी झाली असती. पण त्या संध्याकाळी कुणी कात्रीला हात लावला नाही. "जाऊ दे विल्डा, खांद्याचं दुखणं, चालायचंच," म्हणत सगळे आपापल्या ताटात बघत बसले. विल्डाने मुकाट्याने बीन्स संपवल्या आणि घरी परतताना ट्रकमध्ये म्हणाली, "यापुढे तुम्हीच जा. मी नाही येत."

होबर्टने वर्षभर तिची मनधरणी केली. जन्म खाणीतली यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. एकेक भाग मागवून त्याने ही आपोआप भरणारी रायफल उभी केली. बार उडाला की बारुदीचा वायू खटक्याला मागे ढकलणार, आकडा काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीला धरून बाहेर भिरकावणार, नवं काडतूस आपसूक वर येणार. हाताला काही काम नाही. शेवटी विल्डा तयार झाली, पण एका अटीवर. "ती अडकली ना होबर्ट, तर मी मचाणावरून उतरणार आणि जुनी-नवी दोन्ही विकून टाकणार. परत नाव काढायचं नाही."

आणि मेली अडकत होती! आधी पुंगळी नळीतच चिकटून बसायची. होबर्टने नळीचं तोंड घासून गुळगुळीत केलं, आकड्याची स्प्रिंग बदलली. तो रोग गेला. मग दुसरा सुरू झाला: पुंगळी निघायची, पण बाहेर पडायच्या आत खटका परत यायचा आणि तिला दारातच चिमटीत धरायचा. वायू कुठे गळतो का, ते बघून सांधे आवळले. तेल पुसून पातळ तेल लावलं. तरी तेच.

"दाजी, लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढे घामेजला नव्हतात," डेंझिल दारात उभा राहून म्हणाला. हातात पेपरोनी भरलेला पाव होता आणि निम्मा तोंडात.

"तोंड चालवू नकोस. कंदील धर."

"दुकानातली काडतुसं घालून बघितलीत?"

"बघितली. चालतात."

"मग झालं की! दुखणं तुमच्या काडतुसांत आहे."

"माझ्या काडतुसांना काय धाड भरलीये? स्वतःच्या हाताने भरलीत मी!" होबर्ट असा खेकसला की डेंझिलचा घास घशातच राहिला. खरं तर होबर्टच्याही मनात तीच शंका दोन दिवस कुरतडत होती. म्हणूनच तो पुन्हा पुन्हा लोखंडाला झोंबत होता. दोष लोखंडात सापडावा, कुठेही सापडावा, फक्त तिथे नको.

एवढ्या आरडाओरड्यावर विल्डा आली नसती तरच नवल. तिने दोघांकडे पाहिलं आणि रायफल उचलली. शेडमागच्या मातीच्या बांधावर होबर्टच्या काडतुसाने एक बार काढला. पुंगळी दारात अडकली. तिने ती काढली, डेंझिलच्या खिशातलं दुकानातलं काडतूस घेतलं आणि दुसरा बार काढला. पुंगळी टणकन उडून गवतात पडली. विल्डा खांदा चोळत वळली.

"बारूद कमी भरलीस तू माझ्या काडतुसांत."

होबर्ट बुटांकडे बघू लागला. "थोडीशीच. तुझ्या खांद्याला धक्का बसू नये म्हणून. उन्हाळ्यात चालत होतं गं. आता थंडीत तेवढा जोर पुरेना."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू भरू दिलं असतंस?"

"रायफल ठणठणीत आहे तुझी," विल्डा म्हणाली. "उपाशी ठेवलीस तिला. गेल्या वर्षी त्यांनी कात्री काढली नाही, या वर्षी तू बारूद काढलीस. मी काय काचेची बरणी आहे? खांदा दुखला तर दुखेल, माझा आहे तो!" आणि होबर्टने प्रेमाने भरलेल्या काडतुसांची सगळी डबी डेंझिलच्या हातात कोंबून ती घरात निघून गेली. दार धाडकन आपटलं.

"दाजी," डेंझिल हळूच म्हणाला, "आज जेवायला आमच्याकडे या वाटल्यास."

सोमवारी उजाडताना होबर्ट उताराखाली एका ओकच्या बुंध्याशी बसला होता. बसला कसला, सारखा चुळबुळत होता. वर मचाणावर विल्डा, दुकानातली काडतुसं घेऊन. पहाटे उठल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती. अडकली तर? तर संपलंच सगळं. तेवढ्यात वरून बार ऐकू आला. आणि लगेच, पाठोपाठ, दुसरा.

दुसरा! म्हणजे अडकली नाही, चालली पठ्ठी! साठी उलटलेला माणूस चढावर धावत सुटला. मचाणाखालच्या बर्फात दोन पुंगळ्या पडल्या होत्या. हरीण मात्र कुठेच नव्हतं, रक्ताचा थेंबही नव्हता. विल्डा वरून खाली बघत म्हणाली, "मोठा नर होता. दोन्ही वेळा चुकले."

संध्याकाळी कॅम्पमध्ये बीन्स आणि मक्याच्या पावाची ताटं फिरत होती. "आडवा वारा होता ना, ताई," डेंझिल म्हणाला. "कुणाचाही चुकला असता," दुसरा म्हणाला. आणि सगळे पुन्हा ताटात बघू लागले. विल्डाही. तिचा घास तोंडाशी थांबलेला होबर्टला दिसला.

तो उठला. खिळ्यावरची कात्री काढली.

"विल्डा, ऊठ."

"दाजी, राहू द्या की," डेंझिल पुटपुटला.

"तू गप. दोनदा चुकलीये ती. ऊठ गं."

विल्डा उठली. त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि मानेवरून मागे वळून म्हणाली, "नवा शर्ट आहे हा, मेल्या!"

"ते नेम चुकवायच्या आधी आठवायचं."

होबर्टने चांगला हातभर तुकडा कापला, जराही हात आखडता न घेता. मग जो काही कल्ला उठला! डेंझिल टेबल बडवू लागला, कुणी शिट्टी मारली. हातोडा विल्डाने स्वतःच घेतला आणि डेंझिलच्या तुकड्यांच्या शेजारी आपला ठोकला, डाव्या हाताने, खिळा वाकडा करून.

"पलीकडे अजून एका तुकड्याची जागा सोड," ती भावाला म्हणाली. "उद्याही जाणार आहे मी."

होबर्टने कात्री खिळ्याला अडकवली, ताट जवळ ओढलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसला.