गल्याथाला पहिला बेस

शर्टावरच्या गल्याथाचं, बायबलातल्या त्या राक्षसाएवढ्या योद्ध्याचं, तोंड माझ्या होणाऱ्या व्याह्यांचं आहे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा साठ टीशर्ट छापून आले होते आणि व्याही त्यातला एक डोक्यातून घालत होते. डोकं वर आलं. खाली छातीवर तेच डोकं, कपाळावर चेंडूएवढं टेंगूळ, जीभ बाहेर. इथे परदेशात, बेडोकच्या मैदानावर अख्खं चर्च जमलं होतं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आई, हे काय केलंस?" मुलगा माझ्या कानात म्हणाला.

"फोटो तूच आणून दिलास."

खरंच त्यानेच दिला होता. सार्सची साथ नुकतीच सरली होती. चर्चमधल्या तरुण मुलांना रविवारी घरी झोपायची सवय लागली होती. ती परत यावीत म्हणून दुसऱ्या एका चर्चशी बेसबॉलची मॅच ठरली. आमच्या टीमचे कोच व्याही. चिनी माणूस, उंचीने माझ्या खांद्याएवढा, आवाज मात्र फौजदाराचा. त्यांना बायबलही येईल, बेसबॉलही येईल आणि लोक हसतील असा शर्ट हवा होता. त्यांची मुलगी आणि माझा मुलगा एकाच बँकेत. दोघांना लग्न करायचं होतं आणि व्याही दोन वर्षं "बघू" म्हणत होते, कारण चेंडू झेलता न येणारा जावई त्यांना नको होता. तेव्हा मुलाने पुढे होऊन सांगितलं, माझी आई चित्रं काढते.

मी चित्रं काढत नाही. मी चौथी शिकले आणि नगरला मिशनच्या शिवणवर्गात उशीच्या अभ्र्यांवर भरतकामाचे खाके उतरवले. समोर असेल ते चौकोन आखून लहानमोठं करायचं, एवढं येतं. मनाने कोंबडीसुद्धा येत नाही. गल्याथाला गोफणीच्या धोंड्याने पाडणारा पोरगा दावीद रविवारच्या शाळेच्या पुस्तकातून घेतला आणि त्याच्या गोफणीत धोंड्याऐवजी चेंडू दिला. गल्याथाच्या हातात बॅट हवी होती. मुलाने आणलेल्या टीमच्या फोटोंच्या पाकिटात बॅट नीट दिसणारा फोटो एकच निघाला. तो उतरवला, मोठा केला, आडवा पाडला. चौकोनात काम करताना माणूस दिसत नाही, रेघा दिसतात.

व्याह्यांनी मान खाली घालून शर्ट नीट पाहिला. होणारी सून पांढरीफटक पडली.

"राँग," ते म्हणाले. "आंटी, ऑल राँग, ला."

इथल्या पद्धतीचं, शेवटी 'ला' लावलेलं पुढचं इंग्रजी मुलाने मला सांगितलं. बेसबॉलमध्ये फेकलेला चेंडू बॅटवाल्याच्या अंगाला लागला तर बॅटवाल्याला पहिला बेस, म्हणजे धावेतला पहिला टप्पा, फुकट मिळतो. म्हणजे दावीदाने कपाळ फोडून गल्याथाला बेसवर पाठवला. फायदा पलिष्ट्यांचा, गल्याथाच्या लोकांचा.

तोंड त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"क्रिकेटमध्ये लागला तर ज्याला लागला त्याचं नशीब," मी म्हटलं.

"आई, क्रिकेट मध्ये आणू नकोस."

पास्टर म्हणाले, गल्याथ तर मेला, मेलेला माणूस बेसवर जाणार कसा? व्याही म्हणाले, बदली धावणारा घ्यायचा, पलिष्ट्यांकडे माणसं काय कमी होती? दोघांचेही आवाज चढले. शेवटी निवाड्याला अंपायर बोलावला. त्याने गंभीरपणे विचारलं, गल्याथाने चेंडू चुकवायचा प्रयत्न केला होता का? केला नसेल तर नियमाप्रमाणे बेस नाही.

मग साठ माणसांनी भर उन्हात बायबलातलं पहिलं शमुवेल, अध्याय सतरा काढला. धोंडा कपाळात रुतला असं होतं. चुकवल्याचं कुठे नव्हतं. शर्ट बरोबर ठरला.

अंपायर शर्टाकडे बघून निघणार होता. तो थांबला. शर्ट पाहिला, वर पाहिलं, पुन्हा शर्ट पाहिला.

"अंकल, धिस वन यू, इज इट?"

आता कुणी हसलं नाही. व्याही माझ्याकडे वळले. "आंटी? धिस मी?"

"नो, नो, अंकल," मुलगा मध्ये पडला.

"येस," मी म्हटलं. खोटं बोलायला जास्त इंग्रजी लागतं.

ते चालत पार्किंगमध्ये गेले. तिथे एका व्हॅनच्या आरशात शर्ट ताणून धरून बराच वेळ उभे राहिले. होणारी सून रडायला लागली. मुलगा म्हणाला, "संपलं, आई." मी म्हटलं, "रडू नका, मान फिरवून बघतायत. राग आलेला माणूस दुसऱ्या बाजूने बघत नाही."

ते परत आले.

"गल्याथाची उंची किती?" त्यांनी मुलाला विचारलं.

त्याने मला विचारलं. "सहा हात एक वीत," मी म्हटलं.

"सिक्स क्युबिट्स अँड अ स्पॅन," व्याह्यांनी स्वतःच सांगितलं आणि शर्टावरचं चित्र वितीने मोजलं. मग माझ्या मुलाच्या दंडावर चापट मारली. "माझ्या आईला मला एवढं उंच करता आलं नाही. तुझ्या आईने केलं. लग्न डिसेंबरात करा. तोपर्यंत तू झेलायला शिक."

मॅच आम्ही सपाटून हरलो. लग्न डिसेंबरात झालं. मुलगा अजून झेलत नाही. व्याही मागे वारले. मुलगा, सून आणि मी आहोत, बुकित बातोकला, एकाच घरात.