तिसऱ्या हाकेला ओ

चहा गार झाला तरी चालेल, पण मधे हसायचं नाही. आधी कबूल करा. कारण माझी अशी शोभा पुढे माझ्या लग्नातसुद्धा झाली नाही, आणि ही तर मी स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलेली!

चारकोपला तेव्हा नुकत्याच सेक्टरांच्या खुणा पडत होत्या. आम्ही मालाडच्या चाळीतली पोरं, लग्नं व्हायची होती, नोकऱ्या नवीन होत्या. आमचं मित्रमंडळ म्हणजे गणपतीत मांडव घालायचा आणि उरलेलं वर्ष नाक्यावर उभं राहायचं. एका थंडीत मीच टूम काढली, की शनिवार-रविवार डोंगरावर मुक्काम करू. तंबू कुठून आणणार? मांडवाची ताडपत्री गुंडाळली, डेचकी-चहा-कांदे घेतले आणि कर्जतहून एसटीने निघालो.

खालच्या गावात लोकांनी बजावलं होतं, की वरचं पठार एका बाजूला सरळ तुटलेलं आहे. सकाळी धुकं उतरलं की कडा दिसत नाही. मागे एक म्हैस गेली, तिचं शिंगसुद्धा मिळालं नाही म्हणे. तेव्हा धुक्यात पाय हलवायचा नाही.

हे ऐकून पोरं जरा टरकली. त्यात आमचा नंद्या, मढचा कोळी. काळोख्या समुद्रात एकटा होडी घालेल, पण डोंगर बघून त्याचा चेहरा उतरला. मग काय, मला चेव आला! मी मूळचा मालवणकडचा. भुताखेतांच्या बाबतीत आमच्यापुढे कुणी बोलायचं नाही.

संध्याकाळी शेकोटीभोवती बसून मी सगळ्यांना नियम शिकवला. रानात कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. भूत ओळखीच्या माणसाचा आवाज काढतं, पण दोनदाच हाक मारतं. तिसरी त्याला मारता येत नाही. तिसरी आली तरच समजायचं माणूस आहे. पहिल्या-दुसऱ्या हाकेला ओ देणारा घरी परत गेलेला नाही, असंही वर ठोकून दिलं. पक्या, म्हणजे आमच्या मंडळाचा खजिनदार, तो तर शेकोटीला खेटूनच बसला. सगळ्यांना मी निखाऱ्यावर हात धरून शपथ घ्यायला लावली. झकास वाटलं मला!

सकाळी सगळ्यांच्या आधी मला जाग आली. पोटाची हाक, तिला काय पहिली आणि काय तिसरी? थंडी मरणाची, म्हणून पांढरी चादर डोक्यावरून घेतली, हातात पाण्याचा डबा घेतला आणि जरा लांब, करवंदीच्या जाळीआड गेलो.

बसलो तेव्हा तंबू दिसत होता. उठलो तेव्हा डोंगरच नव्हता.

खोटं नाही सांगत. पांढरं, ओलं, गप्प. स्वतःचा हात पुढे केला तर बोटं दिसेनात. तंबू कुठल्या अंगाला आणि कडा कुठल्या, काही कळेना. अंदाजाने दोन पावलं टाकली आणि पायाखालचा दगड सुटला. पडल्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन थांबलो. आला नाही. मला ती म्हैस आठवली.

मी जागच्या जागी उकिडवा बसलो आणि हाक मारली.

“नंद्या! ए नंद्या!”

कुठेतरी ताडपत्री सळसळली. कुणीतरी कुजबुजलं. मग एकदम शांत. म्हटलं, हा मेला झोपेत असेल, दुसऱ्याला उठवू.

“पक्या! पक्या रे!”

कुजबुज पुन्हा झाली, आणि मग अगदी बारीक आवाजात, रडत रडत, कुणीतरी “राम राम राम राम” म्हणायला लागलं. धुक्यात आवाजाला दिशा नसते. तो जप माझ्या डावीकडून येतोय, की मागून, की खालच्या दरीतून, काही कळेना. मी एकेकाचं नाव घेत सुटलो. सगळ्यांना दोन-दोनदा हाका मारल्या. एकानेही ओ दिली नाही, आणि जप मात्र वाढतच चालला.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? माझे मित्र असते तर बोलले नसते? म्हणजे हे माझे मित्र नव्हेत. मग हे कोण बसलेत, इतक्या सकाळी, जप करत? पुढे कडा आणि मागे ते! हलायची सोय नाही.

एवढ्यात अगदी जवळून हाक आली.

“ओ दादा! कोन हाय तिथं?”

माणूस! देव पावला! ओ द्यायला तोंड उघडलं आणि माझाच नियम मला आठवला. दुसऱ्यांना हाका मारताना नाही आठवला बरं का, आता बरोब्बर आठवला! मी तोंड घट्ट मिटलं.

“ओ दादा! बोलत का नाय?”

धुक्यात एक काळी आकृती उभी राहिली. तिच्या मागे दोन शिंगं. मी डबा छातीशी धरला आणि मनात म्हणत होतो, मार रे बाबा, एकदा तिसरी मार, मी धावत येतो. आकृती बघतेय माझ्याकडे, मी बघतोय आकृतीकडे. तिसरी काही येईना. आणि एकाएकी ती आकृती किंचाळली आणि धूम पळत सुटली. भूत माणसाला घाबरून पळताना मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

बऱ्याच वेळाने ऊन आलं, धुकं फाटलं. कडा होता पठाराच्या पार पलीकडच्या टोकाला. माझ्यापुढे उतारावरचं गुडघाभर गवत, आणि त्यात माझा तो दगड निवांत पडलेला. तंबू इतका जवळ, की लिमलेटची गोळी फेकली तर आत पडली असती.

मी तंबूपाशी जाऊन नंद्याला हाक मारली. ताडपत्रीतून त्याचं डोकं बाहेर आलं. डोळे सुजलेले.

“ही तिसरी,” तो म्हणाला. “आता ये.”

मग जी शिवीगाळ झाली ती जाऊ द्या. सामान बांधून खाली आलो तर गावात गर्दी. एक गुराखी घोंगडी पांघरून थडथड कापत बसला होता, शेजारी त्याचा बैल. वर पठारावर काहीतरी बसलंय, तो सांगत होता. अंगभर पांढरं, हातात डबा, हाक मारली की नुसतं बघतंय. एक म्हातारी डोंगरावरून येणाऱ्या प्रत्येकाला अंगारा लावत होती; भूत असेल तर जागच्या जागी नाहीसं होतं म्हणे.

तिने पक्याला लावला, नंद्याला लावला, आणि बोट माझ्या कपाळाकडे आणलं. नंद्याने मधेच तिचा हात धरला.

“आजी, याला नको लावू. हा नाहीसा झाला तर मालाडला याच्या आईला मी काय सांगू?”

सगळे खो खो हसले. आणि खरं सांगू? तो अंगारा बघून मीसुद्धा दोन पावलं मागे सरकलो होतो.